लेकीला आजोबांचं खरं सांगावं का?

सुईदोरा
मंडळी, इथं बारा वर्षं नुसती वाचते आहे. धागा पहिल्यांदाच काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

मी सोलापूरची. वडील यंत्रमागावर होते, टॉवेलच्या कारखान्यात. आई बिड्या वळायची. वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. अण्णा प्यायचे, आणि पगाराच्या दिवशी घरी यायचे ते पगार संपवूनच. घर चालायचं आईच्या सुपावर. हजार बिड्या म्हणजे पंचवीसचे चाळीस कट्टे. पानं भिजवायची, पत्र्याच्या मापानं कापायची, तंबाखू भरून वळायची, दोरा बांधायचा. शाळेतून आल्यावर दोरा बांधायचं काम माझं. कारखान्यात तपासणारा त्यातले चार-पाच कट्टे छाट म्हणून बाजूला काढायचा. त्याचे पैसे नाहीत आणि बिड्याही परत नाहीत.

रात्री कडीचा आवाज ऐकायचा. एकदाच वाजली तर कमी प्यायलेत, ताट वाढायचं. कडी नुसतीच खडखडत राहिली तर धाकट्याला उचलून शेजारच्या काकूंकडे. आणि कडीला हात न लागता थेट दारावर थाप पडली, तर आई सगळ्यात आधी पानं कापायची कात्री पिठाच्या डब्यात लपवायची.

बिडी कामगारांच्या मुलांना सरकारची शिष्यवृत्ती मिळते. तिच्यावर आणि मास्तरांच्या जुन्या पुस्तकांवर शिकले. डिप्लोमा केला, नोकरी लागली, पुण्यात आले. अण्णांना 2011 मध्ये पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात ठेवलं. पहिल्या वेळी चार महिन्यांत परत सुरू. दुसऱ्यांदा मात्र टिकलं, ते आजतागायत. करोनापासून दोघंही आमच्याकडेच आहेत.

आता मुद्दा. लेक अकरा वर्षांची आहे. शाळेत आजी-आजोबांवर निबंध होता. तिनं लिहिलं, 'माझे आजोबा कधीच कुणावर रागावत नाहीत.' आणि लिहिता लिहिता आईला विचारलं, "आज्जी, तुझ्या भुवईवर ती खूण कसली गं?" आई म्हणाली, "पाय घसरून पडले होते पाटावर." मी पोळ्या लाटत होते. लाटतच राहिले.

सांगावं का तिला? कुणी सांगितलंय का आपल्या मुलांना? आणि अजून एक. नवऱ्याला रात्री उशीर झाला की कुलपात किल्ली फिरेपर्यंत मला अजूनही झोप लागत नाही. नवरा सुपारीच्या खांडालाही शिवत नाही. हे कधी जातं का?

मिरचीभजी
नका सांगू. पोरीला आजोबा मिळालेत, मिळू द्या. आमच्या नशिबात तेही नव्हते.

लालबागचा_पोर
तुमची कडी, आमचा जिना. चाळीचा लाकडी जिना होता. सातव्या पायरीवर बाबा अडखळले की आजचा दिवस कसा जाणार ते कळायचं.

18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला तेव्हा मी दुसरीत. अडीच लाख गिरणी कामगार घरी बसले आणि तो संप शेवटपर्यंत कुणी रीतसर मागे घेतलाच नाही. आमच्या घरात सगळ्या गोष्टींचं उत्तर तेच होतं. बाबा का पितात? संपामुळे. ताईची शाळा का सुटली? संपामुळे. मी चाळीस वर्षं हेच सगळ्यांना सांगत आलो, एकदा आमच्या गल्लीतल्या कार्यक्रमात माईकवरसुद्धा सांगितलं. आई समोरच बसली होती. घरी आल्यावर म्हणाली, "तुझे बाबा संपाच्या आधीपण प्यायचे. फक्त तेव्हा पगार होता, म्हणून तुम्हाला दिसलं नाही."

आई वीस जणांचे डबे करायची. खानावळीचे पैसे ती चहाच्या डब्यात ठेवायची नाही, तिथं बाबांना सापडायचे. डबेवाल्यांपैकीच एक काका होते, त्यांच्याकडे ठेवायची. परक्या माणसावर विश्वास आणि नवऱ्यावर नाही. हे मला तेव्हा फार लागलं होतं.

मी मुलाला सांगितलंय. तो सोळाचा होता. "ओके" म्हणाला आणि मोबाईलमध्ये डोकं घातलं. आठवड्यानं स्वतःहून आजीच्या पायाला तेल लावून दिलं. दोन्हीचा संबंध असेल-नसेल.

पाऊलवाट_७२
सुईदोराताई, तुमच्या जिद्दीला सलाम! पण एक सांगू? त्या गरिबीनंच तुम्हाला घडवलं. आजच्या मुलांना सगळं आयतं मिळतं म्हणून ती लहानसहान गोष्टीनं कोलमडतात. मीही रयत शिक्षण संस्थेत 'कमवा आणि शिका' करून शिकलो, हॉस्टेलच्या शेतात पाणी पाजलंय. सोनं आगीतूनच निघतं. लेकीला अवश्य सांगा, तिला कष्टांची किंमत कळेल.

कडूलिंब
पाऊलवाट, तुमच्या वयाचा मान ठेवून सांगते. आम्ही दोघं भावंडं. दादा माझ्यापेक्षा हुशार. चौथीच्या आणि सातवीच्या दोन्ही स्कॉलरशिपा त्याला, गणितात तर गुरुजी त्याला विचारायचे. बारावीच्या परीक्षेआधी वडिलांनी त्याची सायकल विकली आणि पेपरच्या आदल्या रात्री घरात असा तमाशा झाला की हा रात्रभर एसटी स्टँडवर बसला. त्यानंतर तो कधी अभ्यासाला बसलाच नाही. आज वडील ज्या गुत्त्यात बसायचे तिथंच बसतो.

आग एकच होती हो. तुम्ही-आम्ही लिहायला उरलो म्हणून आगीचे गोडवे गातो. दादाला इथं खातं उघडून द्या, मग विचारा त्याला.

मिरचीभजी
कडूलिंब +१. आणि 'कमवा आणि शिका'त राहायला छप्पर, वेळेवर जेवण आणि रात्री शांतता होती ना? रयतच्या भाऊराव पाटलांना कळलं होतं की पोरगं शिकवायचं तर आधी त्याची भाकरी आणि अंथरूण बघावं लागतं. म्हणजे घडवलं ते वसतिगृहानं. गरिबी तर फुकट क्रेडिट खाते.

पाऊलवाट_७२
कडूलिंब, माझे शब्द मागे घेतो. खरंच. आमच्या बॅचचे जे हॉस्टेल सोडून गेले त्यांची नावंसुद्धा आता आठवत नाहीत, हे तुमचं वाचून लक्षात आलं.

बारामाही
मूळ प्रश्नच चुकीचा आहे. दारू बंद करा, कडीही वाजणार नाही. सरकारला महसूल हवा आणि बायकांनी मंगळसूत्रातले मणी मोडावे, हे किती दिवस चालायचं?

नळदुर्गचा_नळ
बारामाहीसाहेब, वर्ध्यात 1975 पासून बंदी आहे, गडचिरोलीत 1993 पासून. चंद्रपुरात 2015 ला केली आणि 2021 ला उठवली. मी वर्ध्यात चार वर्षं नोकरी केली. मिळत नव्हती असं म्हणणारा माणूस मला भेटायचाय.

बारामाही
मिळत असेलच. पण चौकातल्या पाटीखाली मिळणं आणि चोरून मिळणं यात फरक आहे. गडचिरोलीच्या बायकांनी मागून घेतलीय ती बंदी. बंद खोलीत बसून कुणी लादलेली नाही.

माळरान
अवांतर आहे, पण आमच्या गावात आडवी बाटली करायला, म्हणजे मतदानानं दारूचं दुकान बंद करायला, बायका उठल्या होत्या, त्यात माझी चुलती पुढं होती. नियम असा की गावात जेवढ्या बायका मतदार, त्यांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडली पाहिजेत. आलेल्यांच्या निम्म्याहून नव्हे, यादीतल्या सगळ्यांच्या. मतदान लागलं पौषात. त्या वेळी आमच्याकडच्या निम्म्या बायका कोयता घेऊन उसाच्या फडात! आलेल्या बायकांनी झाडून आडवीला मत दिलं तरी बाटली उभीच राहिली. दुकानदारानं त्या रात्री फटाके वाजवले. ज्यांच्या घरी सगळ्यात जास्त मार बसतो त्याच तेव्हा गावात नव्हत्या.

चुलती अजून म्हणते, "आम्ही बाटलीला हरलो न्हाई, मुकादमाला हरलो."

टिकली_वरण
मुकादमाचं वाक्य वाचून अंगावर आलं. पण धागा गडचिरोलीवरून कारखान्याला निघाला, आता उसाचा दर निघायच्या आत परत फिरा. सुईदोराने दोन साधे प्रश्न विचारलेत.

अनिवासी_नाना
कदाचित कटू वाटेल. या सगळ्या कहाण्यांमध्ये आया निघून का नाही गेल्या? मुलांना त्या घरात ठेवणं हाही अन्यायच ना? इथं अशी तक्रार गेली असती तर मुलांची सोय वेगळी झाली असती.

लालबागचा_पोर
नाना, जागा बाबांच्या नावावर, भाडेपावती बाबांच्या नावावर, रेशन कार्ड बाबांच्या नावावर. माहेरी दोन भावजया. तुम्ही सांगा कुठं जायचं ते, मी आईला विचारून येतो.

सुईदोरा
नाना, राग नाही. हाच प्रश्न मी बावीस वर्षांची असताना आईला ओरडून विचारला होता. ती म्हणाली, "गेले होते की. तुला कडेवर घेऊन कुर्डुवाडीपर्यंत गेले. तिथं तुला जुलाब लागले." एवढंच. त्यानंतर परत गेली नाही. माझ्या जुलाबांमुळे आमचं आयुष्य असं गेलं, असं मला बरेच दिवस वाटत होतं. आता हसू येतं, पण पूर्ण येत नाही.

एक मात्र लिहायचं राहिलं. सोलापूरला कुंभारीत बिडी कामगार बायकांसाठी दहा हजार घरांची वसाहत झाली, गोदूताई परुळेकरांच्या नावाची. 2006 मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते चाव्या दिल्या. आईच्या दोन मैत्रिणींना तिथं घर मिळालं, कागद त्यांच्या स्वतःच्या नावावर. त्यातली एक नवऱ्याला म्हणाली, "पिऊन आलास तर माझ्या घरात यायचं नाही." 'माझ्या घरात' हे शब्द आईनं मला फोनवर तीनदा सांगितले. आमचा हप्ता भरायचा राहिला होता. का, ते लिहायला नको.

एक_दिवस
बराच वेळ लिहू की नको करत होतो. मी कडीच्या बाहेरचा माणूस आहे.

नऊ वर्षं झाली सोडून. आमच्या सभेत आम्ही आडनाव सांगत नाही, इथंही नको. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस 1935 साली अमेरिकेत दोन दारुड्यांनी सुरू केलं, आपल्याकडे 1957 च्या सुमारास आलं. माझ्यापर्यंत पोचायला 2015 उजाडलं. घरच्यांच्या वेगळ्या सभा असतात, अल-अ‍ॅनॉन म्हणून. माझी बायको माझ्याआधी दोन वर्षं तिकडे जात होती. मी तिला म्हणायचो, पितो मी आणि सभेला तू कशाला? आता कळतं कशाला.

बाहेरून कडी कशी दिसते ते सांगतो. ती दिसत नाही. हात जातो तिथं ती नसते. आत पोरं गप्प झालेली ऐकू येतात, अगदी स्पष्ट. आणि त्या गप्प होण्याचाच राग येतो. माझ्याच घरात मला चोरासारखं का वागवता, असा. सुईदोराताई, तुमच्या अण्णांना काय वाटायचं ते मला माहीत नाही, मी माझंच सांगतोय. सफाई देत नाहीये.

माझ्या मुलानं मला अजून माफ केलेलं नाही. सभेत पहिल्या वर्षी वाटायचं, मी एवढी सोडली, आता त्यानं पण थोडं यावं. एक म्हातारे सदस्य म्हणाले, "तू सोडलीस म्हणजे उधारी थांबली. फिटली कुठं?"

डॉ_खुरपणी
एक_दिवस, हे लिहिलंत, बरं केलंत.

ताई, कान टवकारणं ही शरीराची शिकलेली सवय आहे. लहानपणी तिनंच तुमच्या भावाला वाचवलं. अमेरिकेत साडेनऊ हजारांवर प्रौढांना त्यांच्या बालपणाबद्दल विचारून एक अभ्यास झाला होता, 1998 मध्ये प्रसिद्ध झाला. घरात व्यसन, आईला मारहाण, मुलावर अत्याचार असे अनुभव जितके जास्त, तितके पुढे नैराश्य, व्यसन, अगदी हृदयविकारसुद्धा जास्त, असं त्यात दिसलं. पण हे अनेक माणसांचं एकत्रित चित्र आहे, तुमची कुंडली नव्हे. माझ्या पेशंटांमध्ये पाहिलंय, सवय पूर्ण जात नाही पण तिचा आवाज कमी होतो. समुपदेशकाकडे जा. दात दुखल्यावर दाताच्या डॉक्टरकडे जातो तसं, गाजावाजा न करता.

आणि इथं कुणाच्या घरी आज पिणारं माणूस असेल तर दोन गोष्टी. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम तोडू नका. फिट येऊ शकते, भ्रम होतो, जिवावर बेततं. हे डॉक्टरच्या देखरेखीत करायचं. दुसरं, 'पेशंटला न सांगता दारू सोडवा' अशा खांबावरच्या जाहिरातींची पावडर भाजीत कालवू नका. त्यात काय असतं कुणाला ठाऊक नसतं. डायसल्फिरॅम या दारू सोडवायच्या औषधाची गोळी असेल आणि वर तो प्यायला, तर रक्तदाब कोसळून घात होऊ शकतो. ती गोळी माणसाला सांगून, त्याच्या संमतीनंच द्यायची असते.

सुईदोरा
डॉक्टर, आईनं एका बाबाकडून आणली होती अशी पुडी. वरणात घातली. त्या दिवशी नेमके अण्णा जेवायला आले नाहीत आणि ते वरण आम्ही खाल्लं. काही झालं नाही. बहुतेक राखच होती. एकशे एक रुपयांची राख.

मिरचीभजी
वरणाला चव कशी होती?

सुईदोरा
नेहमीपेक्षा बरी :)

गोंयचो_पाव
आमच्याकडे गोव्यात कुणी प्यायलेलं असणं ही बातमीच नसते, त्यामुळे कुणी बुडालंय हे फार उशिरा कळतं. माझा बाप कधी ओरडला नाही, मारलं नाही. तावेर्नातून शांतपणे यायचा, शांतपणे झोपायचा, आणि शांतपणे बागायत विकली. लोक अजून सांगतात, तुजो पाय (म्हणजे बाप) देवमनीस. मी कुणाला काय सांगू? तुमच्याकडे निदान खूण तरी आहे दाखवायला. हे वाक्य विचित्र झालं, पण राहू दे.

उंबरठा
सगळा धागा वाचला. सगळे 'सांग' किंवा 'सांगू नको' म्हणतायत. मला वेगळंच दिसतंय. भुवई आईची आहे. त्यांनी नातीला 'पाटावर पडले' असं सांगितलंय. तुम्ही खरं सांगितलंत तर नातीच्या नजरेत आजी खोटी पडेल, आणि हे आयुष्यभर ज्यांनी झाकलं त्यांना न विचारता तुम्ही उघडं कराल. दाराआड तुम्ही जे ऐकलंत ते तुमचं आहे, ते लेकीला जरूर सांगा. भुवईचं आधी आईला विचारा.

कडूलिंब
हे पटलं. आपण नेहमी वडिलांना माफ करायचं की नाही यावर भांडतो. आईला विचारायचं राहूनच जातं.

पाऊलवाट_७२
सहमत. आणि ताई, घाई नको. अकरा वर्षं म्हणजे लहान वय आहे.

अनिवासी_नाना
माझा आधीचा प्रतिसाद आज परत वाचला. लालबागच्या पोराने दिलेलं उत्तर बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, तुमच्या आत्याला विचारलं होतं का कधी हे? विचारलं नव्हतं. आत्या आता नाही.

टिकली_वरण
तीन आठवडे झाले, सुईदोरा गायब. धागा वर काढतेय.

सुईदोरा
आहे, आहे. लिहायला धीर होत नव्हता.

उंबरठा म्हणाल्या तसं आधी आईला विचारलं. दुपारी, अण्णा नाना-नानी पार्कात गेले असताना. आई शेंगा फोडत होती. म्हणाली, "कशाला उकरायलीस आता? माणूस सुधारलाय. मी मेल्यावर सांग काय सांगायचं ते." मी म्हटलं, तू मेल्यावर ती मला विचारेल, तेव्हा मी काय पाटाचं सांगू? आई काही बोलली नाही. बऱ्याच वेळानं म्हणाली, "पाट नव्हताच आपल्या घरात." आणि हसायला लागली. खरंच नव्हता हो. बारदानावर बसून जेवायचो आम्ही. एवढी वर्षं ती ज्या पाटावरून पडत होती तो पाटच आमच्याकडे नव्हता.

मग म्हणाली, "सांग. पण ते आत्ताचं पण सांग, सोडल्याचं. अर्धं सांगू नको."

रात्री लेकीजवळ बसले. कुठून सुरू करावं कळेना म्हणून बिड्यांपासून सुरू केलं. कट्टे, दोरा, छाट. मग कडी. ती छताकडे बघत होती. भुवईपर्यंत येईस्तोवर माझा आवाज गेला. तेव्हा ती म्हणाली, "आई, मला माहितीये. मामाच्या दादानं सांगितलं होतं, मी तिसरीत होते तेव्हा."

तिसरीत! म्हणजे तीन वर्षं. मी विचारलं, मग निबंधात तसं का लिहिलंस? म्हणाली, "आजोबा वाचणार होते ना." आणि आज्जीला मुद्दाम खुणेचं का विचारलंस? तर म्हणे, "आज्जी खरं सांगते का बघत होते. तुला नाही विचारलं, कारण तुला विचारलं की तू पोळ्या जोरात लाटतेस."

डॉक्टर, समुपदेशकाची वेळ घेतलीय. आधी एकटीची घेतली होती. आता दोघींची घेतलीय.

लालबागचा_पोर
पोरगी पोळपाटाचा आवाज ऐकते म्हणजे.

सुईदोरा
हो ना. तेच.

एक_दिवस
अण्णांना कळलं का?

सुईदोरा
आईनं त्यांना काय सांगितलं माहीत नाही. काल सकाळी बघितलं तर पुढच्या दाराच्या बिजागरीला तेल घालत बसले होते. दार फार वाजतं म्हणाले.